रामभाऊंच्या खुलाशासह

रामभाऊ, नदीकाठी तुम्हाला अग्नी देत होते आणि आम्ही बायका निघोज्याला तुमच्या अंगणात बसलो होतो, तेव्हा डोक्यावरून एक विमान गेलं. बरंच खालून गेलं. सगळ्यांनी माना वर केल्या. तुमचे म्हातारे चुलते, ज्यांना आता नदीपर्यंत चालवत नाही, ओट्यावर बसले होते. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, “रामाला सलामी धाडली सरकारनं.” हे ऐकून बायका आणखीच रडायला लागल्या. तुमच्या बायकोनं, वहिनींनी, तोंडावरचा पदर काढला, आभाळाकडे बघितलं आणि त्या म्हणाल्या, “खोटं हाय. लोहगावच्या तळावरचं हाय त्ये. रोज जातंय.”

मला हसू आवरेना. वहिनींनाही आवरेना. दोघी तोंडात पदर धरून हसत होतो आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. शेजारणीला वाटलं, आम्हाला झटका आला. तिनं हुंगवायला कांदा आणायला कुणाला तरी पिटाळलं.

तुम्हाला जाऊन जेमतेम महिना झाला. जन्म कुठला, नोकरी कुठली, मागं कोण कोण, हे मी लिहिणार नाही. ते तुमच्या कारखान्यातले लोक फळ्यावर लिहितील आणि त्यात दोन चुका तरी करतीलच. मला तुमच्याशी एक भांडण पुरं करायचं आहे. आणि एक गोष्ट सांगायची आहे, जी तुम्हाला हयात असतानाच कळायला हवी होती. पण मलाच ती परवा कळली, त्याला मी तरी काय करू?

तुम्ही आमच्या चिंचवडच्या घरी पहिल्यांदा आलात तेव्हा लढाई नुकतीच संपली होती. माझा दादा, वसंता, तुमच्याबरोबर विमानदलात होता. दोन माणसांचं बाँब टाकणारं विमान, पुढं पायलट आणि त्याच्याकडे पाठ करून मागं बंदुकवाला. दादा तो मागचा. तुम्ही जमिनीवरचे, त्या विमानाचे फिटर. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरून ते विमान एकदा गेलं ते परत आलं नाही. तार आली, तीत दादा बेपत्ता आहे एवढंच होतं. पुढं बऱ्याच दिवसांनी कागद आला की मृत समजावं. पण आईच्या डोक्यात तो पहिला शब्द बसला होता. बेपत्ता म्हणजे पत्ता सापडायचा आहे, असा तिनं अर्थ केला. रोज दोन भाकऱ्या जास्त थापायची आणि झाकून ठेवायची. सकाळी म्हशींना घालायची. पोस्टमन आमच्या गल्लीत यायला घाबरायचा.

अशात तुम्ही आलात. खाकी शर्ट, हातात टोपी, पायात भलेमोठे बूट. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणालात, “मी निघोज्याचा रामा. वसंताचा दोस्त.” आईनं तुम्हाला आत घेतलं, पाणी दिलं आणि तुमच्या समोर बसली. काही विचारलं नाही. तुम्हीच सांगितलंत. मी चुलीपाशी उभी होते, मला शब्दन् शब्द आठवतो.

“आई, आमी खाली रेडिओपाशी बसलो व्हतो. त्याचा आवाज आला. सपष्ट आला. म्हनला, रामा, आईला सांग, मला काय दुखत न्हाई. झोप आल्यावानी वाटतंय. बस, येवढंच. मंग आवाज थांबला.”

 आई उठली, तुमच्या पाठीवरून हात फिरवला आणि जेवायला वाढलं. त्या दिवसापासून झाकून ठेवलेल्या भाकऱ्या बंद झाल्या. दर वर्षी दादाच्या तिथीला, पान वाढून झालं की ती तेच बोलायची, काय दुखत नाही म्हणाला, झोप आली म्हणाला. आमच्या घराचं छप्पर त्या दोन वाक्यांवर उभं होतं म्हटलं तरी चालेल.

तुम्ही येत राहिलात. आधी नदीकाठच्या मळ्यांत ऑइल इंजिनं दुरुस्त करत हिंडायचात, मग पिंपरीत नवे कारखाने उभे राहायला लागले तसे एकात मेंटेनन्सला लागलात. निघोज्याहून सायकलवर येणं-जाणं, आणि शिफ्ट सुटली की आठवड्यातून दोनदा तरी वाकडी वाट करून आमच्याकडे चहा. आईला तुम्ही आई म्हणायचात, मला मालू. मी पोरींच्या शाळेत शिकवायला लागले तशी माझी बढती होऊन मी ‘बाई’ झाले, तीही चिडवायला.

आता तंबूचं सांगते, कारण तुमचं खरं राज्य तिथं होतं.

गुलाबशेठचा टुरिंग टॉकीजचा तंबू कधी चाकणच्या बाजारापाशी, कधी आमच्या स्टेशनपलीकडच्या माळावर पडायचा. एका हंगामात त्यांना कुठून तरी स्वस्तात इंग्रजी लढाईचे पट मिळाले. विमानांचेच सगळे. पहिल्या खेळाला तंबू गच्च भरला, आणि थोड्याच वेळात लोक कावले. पडद्यावर गोरे फडाफडा बोलतायत आणि खाली कुणालाच काही कळत नाही. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी वाळू उडवली. गुलाबशेठ मशीन सोडून बाहेर आले आणि हात जोडून विचारलं, कुणाला इंग्रजी येतं का? मला येत होतं. पण मी काही बोलायच्या आत तुम्ही उठलात आणि भोंगा हातात घेतलात.

लोकांना वाटलं तुम्ही गोष्ट सांगणार. गुलाबशेठनाही तसंच वाटलं. तुम्ही पडद्याकडे पाठ करून उभे राहिलात, घसा साफ केलात आणि म्हणालात, “मंडळी, आत्ता जे बगितलं त्ये खोटं हाय.”

गुलाबशेठनी कपाळाला हात लावला.

“हितनं उडालं त्ये येक विमान. वर गेलं आन दुसरंच झालं. पंख बगा, खालच्या अंगाला व्हते, आता वरच्या अंगाला गेले. उतरंल तवा तिसरंच आसंल, बगा तुमी.”

आणि ते उतरलं तेव्हा खरोखरच तिसरं होतं. तंबूत असा हशा पिकला की बाहेरचे बैल उठून उभे राहिले. त्या रात्रीनंतर लोक पट बघायला यायचे ते गोष्टीसाठी नाही. प्रेमप्रकरण काय, कोण कुणाचा मुलगा, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. सगळे चुका धरायला यायचे. गुलाबशेठ हुशार माणूस, त्यांनी पुढच्या मुक्कामाला जाहिरातीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापलं: लढाईचा विमानपट, रामभाऊंच्या खुलाशासह. वहिनींनी तो कागद अजून ट्रंकेत ठेवला आहे.

तुम्ही आख्खा तालुका बिघडवलात. मोटेवर पाणी धरणारी माणसं विमानाच्या शेपटीबद्दल वाद घालायला लागली. बंदुकीच्या गोळ्या संपतच नाहीत म्हणून तुम्ही चिडायचात, कारण खऱ्या विमानात बोट दाबून धरलं तर चार-पाच श्वासांत पट्टा रिकामा होतो. इतक्या उंचीवर नाकातोंडाला हवेची नळी लावावीच लागते, आणि हा हिरो गॉगल कपाळावर सरकवून गप्पा मारतोय. “का सांगू? त्याचं थोबाड दिसाया पायजेल म्हनून.” पायलट दांडा बैलाच्या कासऱ्यासारखा डावी-उजवीकडे ओढतोय आणि मागचा डोंगर जागचा हलत नाही. विमान टेकडीला लागायच्या आधीच टेकडीवर स्फोट होतो. “टेकडीला आधीच ठावं व्हतं, येनारे म्हनून.” पब्लिक एका सुरात ओरडायचं, “खोटं.” मागच्या रांगेतली एक म्हातारी तर रामराम म्हणायच्या जागी तुम्हाला खोटं म्हणायला लागली होती.

पण तुमचा सगळ्यात मोठा राग ठोकळ्यांवर होता. पटातला पायलट धावत येतो, विमानात उडी मारतो आणि लगेच निघतो. तिथं तुमचा आवाज चढायचा. “चाकाखालचे ठोकळे कुनी काढले? इंजान गरम कुनी केलं? पंख्यावरची खोळ कुनी काढली? आपोआप झालं काय समदं? अरे, खाली मानूस उभा आसतोय. त्यो ठोकळा वडतोय, बाजूला सरतोय आन मग वरच्याला हात करतोय. त्याबिगर विमान हालत न्हाई.” एकदा हे बोलून झाल्यावर तुम्ही भोंगा खाली ठेवलात आणि मला हळूच सांगितलंत की दादा मागच्या जागेवर असल्यामुळं ठोकळे काढून उभ्या असलेल्या माणसाकडे त्याचं तोंड असायचं, आणि तो दर वेळी अंगठा वर करायचा. धावपट्टीच्या टोकापर्यंत तुम्हाला त्याचा अंगठा दिसत राहायचा.

आता आपलं भांडण. पंख्याचं.

पडद्यावर विमानाचा पंखा सुरू होतो, जोरात फिरतो, मग मंद झाल्यासारखा दिसतो आणि उलटा फिरायला लागतो. तुमचा खुलासा असा की फिल्म उलटी लावली आहे. मी पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगितलं, रामभाऊ, फिल्म उलटी असती तर पंखावरची अक्षरं उलटी दिसली असती, आणि ती सरळ दिसतायत. हा डोळ्यांचा खेळ आहे. फिल्म म्हणजे सुटीसुटी चित्रं, दोन चित्रांच्या मधे पंखा किती फिरला ते आपल्याला दिसत नाही. पळत्या टांग्याचं चाकसुद्धा पटात उलटं फिरताना दिसतंच की. तुम्ही म्हणालात, “बाई, टांग्याचं चाक आन विमानाचा पंखा येक न्हवं.” मी म्हटलं, गोल आणि आऱ्यांचं जे जे फिरतं ते सगळं एकच. तुम्ही म्हणालात, “तुमी पंखा हातानं फिरवलाय का? मी फिरवलाय.” गुलाबशेठनी मशीन उघडून तुम्हाला एकेक चित्र दाखवलं. तुम्ही भिंगातून नीट बघितलंत, हं हं केलंत आणि पुढच्या खेळाला भोंग्यावरून पुन्हा तेच, फिल्म उलटी. असा हट्टी माणूस मी जन्मात बघितला नाही. तुम्ही चुकत होतात, रामभाऊ. हे मी तुमच्या माघारी म्हणतेय असं नको व्हायला, तुमच्या तोंडावरही शंभरदा म्हटलं आहे.

पण ज्याबद्दल तोंडावर कधी बोलले नाही, ती दुसरीच गोष्ट.

पुण्याला कँपातल्या थेटरात एक नवा विमानपट लागला होता. तुम्ही, वहिनी आणि मी गेलो. आई आली नाही, तिची म्हैस व्यायची होती. पटात एक पायलट दुश्मनाच्या घेऱ्यात सापडतो, विमानाला आग लागते, आणि तो रेडिओवर आपल्या माणसांशी बोलतो. लांबलचक बोलतो. घरी निरोप देतो. खाली सगळे डोळे पुसतायत. तुम्ही सवयीनं माझ्याकडे झुकलात आणि कुजबुजलात, “खोटं. लढाईत रेडिओवर तोंड बंद ठेवायचा हुकूम आसतो, दुश्मनाला ठावठिकाना लागतो. आन त्ये डोंगराच्या पल्याड गेलं की आमाला खाली नुसती खरखर. येक शब्द आईकू येत न्हाय कदी. आमी तर—”

तिथं तुम्ही थांबलात.

मी पडद्याकडे बघत राहिले. तुम्हीही. वहिनींनी विचारलं, “काय झालं वो?” तुम्ही म्हणालात, “काय न्हाई.” मध्यंतरात तुम्ही आम्हाला भजी आणून दिलीत आणि स्वतः खाल्ली नाहीत. तुम्ही भजी सोडलीत, तेव्हाच मला पक्कं कळलं. परतीच्या गाडीत चिंचवड येईपर्यंत तुम्ही चाकणच्या कांद्याच्या भावाबद्दल बोलत होतात. मीही बोलत होते. कांद्यात मला काडीचा रस नव्हता, आणि तुम्हालाही नव्हता.

त्यानंतर मी तंबूत तुमच्यावर लक्ष ठेवायला लागले. गुलाबशेठच्या दोन पटांत असा रेडिओवरचा निरोप होता. आई सहसा येऊन बायकांच्या बाजूला पुढंच बसायची. तो प्रसंग जवळ आला की तुमचा घसा बसायचा. पाणी मागायचात. भोंग्याचं तोंड पुसत बसायचात. एकदा तर तुम्ही कुणा पोराला उगीच रागे भरलात, वाळू उडवली म्हणून, आणि त्यानं उडवली नव्हती. प्रसंग सरला की पुन्हा गडी जोरात. सगळ्या तालुक्याला चूक धरायला शिकवणारा माणूस एका चुकीवर बोट ठेवायचा नाही. का, ते मला माहीत होतं. ती चूक तुमची स्वतःची होती. आमच्या घरात बसून तुम्ही ती केली होतीत, आईसमोर, खाकी शर्टात.

मला राग आला का? पहिल्या रात्री आला. दादाचे शेवटचे शब्द म्हणून मी जे जपलं, ते तुम्ही रस्त्यानं येता येता जुळवलेलं होतं. मग हळूहळू राग उतरला आणि त्या जागी एक चित्र आलं. खरं तुम्हाला काय माहीत होतं? तुम्ही ठोकळे ओढलेत, बाजूला सरलात, हात केलात. दादानं अंगठा दाखवला. विमान गेलं. तुम्ही संध्याकाळपर्यंत धावपट्टीच्या कडेला ठोकळे घेऊन उभे राहिलात. बस, एवढंच. हे घेऊन तुम्ही एका आईसमोर कसे बसणार होतात? तिच्या भाकऱ्या यानं थांबल्या नसत्या. तुम्ही आयुष्यात एकच खोटं विमान उडवलंत, रामभाऊ, आणि ते आमच्या दारात अलगद उतरवलंत. याबद्दल तुमचे पाय धरावेत असं मला कितीदा वाटलं. पण पाय धरले असते तर मला कळलंय हे तुम्हाला कळलं असतं, आणि मग तुम्ही आईच्या नजरेला नजर दिली नसतीत. म्हणून मी पंख्यावर भांडत राहिले.

गुलाबशेठच्या हातून रिळं बदलली तो दिवस आठवतो? आमच्याच माळावर. मशीन एकच, रिळं पाच, आणि त्यांनी तिसरं रीळ संपल्यावर पुन्हा दुसरंच चढवलं. नुकताच मेलेला मागचा बंदुकवाला पडद्यावर हसत आला, चहा पिऊन विमानात बसला. पब्लिकला आयतंच सापडलं. “मेलेला आला की रं.” “रजेवर गेला व्हता, आता हजर झाला.” तुम्ही भोंगा तोंडाशी नेलात. असला खुलासा तुम्ही सोडणं शक्यच नव्हतं. तेवढ्यात पुढून आईचा आवाज आला. शेजारणीला सांगत होती, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “आला बग. आला पोरगा.”

गुलाबशेठ तंबूच्या मागून ओरडले, “चुकलं, चुकलं, रीळ बदलतो.” तुम्ही भोंगा खाली घेतलात आणि म्हणालात, “शेट, चालू द्या.” आणि ते आख्खं रीळ आम्ही दुसऱ्यांदा बघितलं. कुणी कुरकुर केली नाही. त्यातल्या एकाही चुकीवर तुम्ही बोलला नाहीत.

मग त्या दिवशी, कारखान्यातच, तुमच्या छातीत कळ आली आणि संपलं. इतकं साधं. पटात असं कुणी मरत नाही. तिथं मरणाऱ्याला चार वाक्यं बोलायला मिळतात. तुम्हाला ती मिळाली नाहीत, आणि मिळाली असती तर पहिलं वाक्य पंख्याबद्दल असतं, याची मला खात्री आहे.

गुलाबशेठ आमच्या घरी आले. त्यांचा तंबू पुन्हा माळावर पडला आहे. म्हणाले, “बाई, रामभाऊंच्या नावानं एक खेळ लावतोय. त्यांचाच आवडता पट. खुलासा तुम्ही करा. तुमच्याशिवाय कुणाला येणार?” मी हो म्हटलं. मला येतंच. इतकी वर्षं तुमच्याशी भांडून मला विमानाचा स्क्रू न् स्क्रू पाठ झाला आहे. आई म्हणाली, “म्या बी येनार.” तिचे गुडघे धरलेत, तरी हट्टानं आली आणि नेहमीच्या जागी बसली. वहिनी तिच्या शेजारी.

मी भोंगा हातात घेतला.  विमान बदललं तिथं मी बोलले. गोळ्या संपल्या नाहीत तिथं बोलले. ठोकळ्यांपाशी तुमचीच वाक्यं म्हटली, तुमच्याच भाषेत, आणि मागून कुणीतरी नाक ओढलेलं ऐकू आलं. पंखा उलटा फिरायला लागला तेव्हा मी प्रामाणिकपणे दोन्ही बाजू मांडल्या. रामभाऊ म्हणतात फिल्म उलटी आहे, मी म्हणते डोळ्यांचा खेळ आहे, तुम्ही ठरवा. सगळा तंबू तुमच्या बाजूनं ओरडला. पुढाऱ्यांना अशी मतं मिळत नाहीत.

आणि मग तो प्रसंग आला. विमानाला आग, मागचा बंदुकवाला जखमी, तोंडाशी रेडिओ. मला माहीत होतं येणार आहे.  लोक माझ्याकडे बघत होते, कारण आता तुम्ही नव्हतात, आणि बाईंनी आतापर्यंत काही सोडलं नव्हतं. खोटं म्हणावं तर समोर आई बसलेली. गप्प बसावं तर या भोंग्यावर मी उभी तरी का आहे? मी तुमच्यासारखंच केलं. पाणी मागितलं. गुलाबशेठनी तांब्या पुढं केला. मी प्यायले, हळूहळू प्यायले, आणि पडद्यावरचा तो पोरगा आपल्या घरच्यांना निरोप देत राहिला.

तेव्हा पुढच्या रांगेतून, शांत, खणखणीत आवाजात आई म्हणाली, “खोटं हाय.”

 माझ्या हातात तांब्या तसाच होता. वहिनींनी आईचा दंड धरला. आईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “आसू दे. चालू द्या.”

घरी येताना मी तिचा हात धरून चालत होते.  स्टेशनचं फाटक ओलांडल्यावर विचारलं, “आई, तुला कधी कळलं?”

“कवाच. समद्या ठिकानी बोलायचा, आन हितं आलं की त्याचा घसा बसायचा. मला काय कळत न्हाई व्हय? पयल्या हंगामातच कळलं.”

“मग त्यांना बोलली का नाहीस? मी एवढं जपत होते तुझ्यापासून.”

ती थांबली. गुडघा चोळला. मग म्हणाली, “बोलले आसते तर त्यो यायचा थांबला आसता. येक गेला व्हता. ह्यो बी कशाला घालवू?”

आणि पुढं चालायला लागली.

तर रामभाऊ, तुमच्या हातून एवढा एक खुलासा राहिला होता, तो आईनं केला. तुम्ही तिच्याकडे वर्षानुवर्षं जड मनानं चहा प्यायलात, तो तुम्हाला हलक्या मनानं पिता आला असता, एवढंच मला लागून राहिलंय. तिला सगळं ठाऊक होतं आणि तरी ती तुमची वाट बघायची. पंख्याचं मात्र मी सोडलेलं नाही. तंबू तुमच्या बाजूनं असला तरी अक्षरं सरळ दिसत होती.